शेऱ्याचा रकाना

तिसरा क्यूब लवकर फुटला. मशीनचा काटा एकतिसावर थांबला आणि मागे फिरला. आधीचे दोन सेहेचाळीस आणि पंचेचाळीसला फुटले होते. काँक्रीट चाळीसच्या ग्रेडचं होतं, म्हणजे चाळीस तरी यायला हवे होते.

तिन्ही क्यूबवर लाल रंगात नंबर होते. अक्षर आमच्या टेक्निशियनचं, तावड्यांचं; स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी साचे काढल्यावर घातलेलं. ते लिहून दुसऱ्याच दिवशी ते गेले. हार्ट अटॅक. क्यूब मात्र अठ्ठावीस दिवस टाकीतल्या पाण्यात राहिले, कारण काँक्रीटची खरी ताकद अठ्ठाविसाव्या दिवशी मोजतात. तोवर आमच्या लॅबमध्ये त्यांचं नाव घेणंही हळूहळू कमी झालं होतं.

क्यूब म्हणजे पंधरा सेंटिमीटरचा ठोकळा. स्लॅब ओतताना त्यातलंच थोडं ओलं काँक्रीट लोखंडी साच्यात भरायचं. तीन थर, आणि दर थराला सळीचे पस्तीस ठोके, म्हणजे आत हवा राहत नाही. तावडे ठोके ओठातल्या ओठात मोजत. मध्ये कुणी बोललं तर उत्तर देत नसत. मी लॅबमध्ये नवी होते तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं, "क्यूब खोटा बोलणा नाय, मॅडम. खोटा बोलता तो माणूस."

काम काळाचौकीच्या एका चाळीच्या रिडेव्हलपमेंटचं होतं. साइटचे इंजिनिअर बोरकर रिझल्ट न्यायला समोरच बसले होते.

"मॅडम, तिसरा सोडून द्या. दोघांचं ॲव्हरेज लावा."

"एका क्यूबमध्ये पंधरा टक्क्यांहून जास्त फरक आला की सगळा सेट बाद होतो. तुम्हाला माहीत आहे."

"मग लिहा ना, क्यूब नीट भरला नव्हता. टेक्निशियनची चूक. तसेही ते..."

"तसेही ते काय?"

बोरकरांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "वाईट अर्थानं नाही म्हणालो. पण त्यांना आता काय फरक पडणार?"

"मला पडतो. स्लॅबचे कोअर काढा."

कोअर म्हणजे तयार स्लॅबमधून ड्रिलनं कापून काढलेला दंडगोल. स्लॅब खरा कसा आहे हे तो सांगतो.

"पुढचा स्लॅब थांबेल, मॅडम. चाळकरी दर रविवारी भाड्याच्या घरांतून येतात आणि खाली उभं राहून मजले मोजतात. त्यांना काय सांगू?"

"तपासतोय म्हणून सांगा."

बोरकर गेले. मी मोठ्या नियमाची बाई वाटले असेन. खरं सांगायचं तर काँक्रीट कच्चं निघावं असं मला वाटत होतं. स्लॅब चांगला निघाला, तर दोष तावड्यांच्या हाताचा ठरणार होता. एवढ्या माणसांच्या घराचा स्लॅब वाईट निघावा, अशी मी मनातून वाट बघत होते.

दुपारी मी फुटलेले तुकडे पुन्हा पाहिले. नीट भरलेला क्यूब चारही बाजूंनी सारखा सोलतो आणि मधे कंबर बारीक झालेला आकार उरतो. तावडे त्याला डमरू म्हणत. पहिल्या दोघांचे डमरू झाले होते. तिसऱ्याची एकच बाजू ढासळली होती आणि आत, खालच्या थरात, बोटाचं टोक जाईल एवढी भोकं होती. ठोके कमी पडले होते. हे मला पहिल्या नजरेतच दिसलं होतं. पाहायचं नव्हतं, एवढंच.

मग मी स्लॅब ओतला त्या दिवसाचं रजिस्टर काढलं. टेक्निशियन साइटवरून आला की त्यात नोंद करतो आणि मी खाली सही करते. शेवटचा रकाना शेऱ्याचा. बावीस वर्षं तावड्यांनी त्यात एकच शब्द लिहिला होता: ठीक.

त्या दिवशी लिहिलं होतं: "तिसरा क्यूब. डाव्या हाताला मुंग्या, घाम. ठोके मोजायचे राहिले. भरवसा धरू नये."

शेजारी माझी सही होती. त्याच संध्याकाळची.

हाताला मुंग्या आणि घाम म्हणजे काय, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी वाचलं नव्हतं.

चार दिवसांनी तीन कोअर आले. तिन्ही चांगले निघाले. रिपोर्टमध्ये मी लिहिलं की सेट बाद आहे, तिसरा क्यूब सदोष असल्याची नोंद टेक्निशियननी स्वतः त्याच दिवशी केली होती आणि ती लॅबनं वाचली नाही. पानाची झेरॉक्स माझ्या सहीसकट जोडली. बोरकरांनी ती उभ्या उभ्या वाचली. "एवढं कोण लिहितं हो स्वतःबद्दल," म्हणाले. ते तावड्यांबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात तावडेवहिनी त्यांचा डबा आणि छत्री न्यायला आल्या. मी त्यांच्यापुढे ते पान उघडलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"माका बोलले, काय एक नाय, ठोकून ठोकून हात दुखता," त्या म्हणाल्या. "हय मात्र खरा लिवल्यानी."

मग त्यांचं बोट पुढे सरकलं. "ही सही कोणाची?"

"माझी, वहिनी. मी न वाचता केली."

मग त्यांनी रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं. "माझ्याकडे तर दोन रात्री होते ते," म्हणाल्या. "मिया तरी खय वाचलंय."

काळाचौकीची इमारत आता बरीच वर गेली आहे. तावड्यांच्या जागी महाडिक आले आहेत. मी रजिस्टर हातात घेतलं की आधी शेरा वाचते, मग सही करते, आणि वाचेपर्यंत त्यांना समोर बसवते. परवा त्यांनी लिहिलं होतं: "साइटवर चहा मिळाला नाही."

मी चहा मागवला. मग सही केली.