एक चाक काट्याबाहेर

बावीस वर्षं वजनकाट्यावर बसलेल्या बाईला गोड बोलून कुणी गंडवू नये. ताडपत्रीखाली दगड, केबिनमध्ये दडलेली दोन-दोन माणसं, तिनं सगळं पकडलंय. ट्रकवाले तिला काटेवाली म्हणतात, मागनं आणखीही काही म्हणतात.

तिचा नवरा सुतार. पायात खिळा घुसला, जखम चिघळली, विष रक्तात भिनलं आणि दोन्ही मूत्रपिंडं बसली. अतिदक्षता विभागातली डॉक्टरीण म्हणाली, "रक्तदाब फार कमी आहे. चार तासांचं डायलिसिस सोसणार नाही. हे मशीन हळूहळू, चोवीस तास चालवावं लागेल."

काटेवालीला ते पचेना. जावेच्या भावाचं चार तासांत आटपतं, मग याचंच का नाही? रुग्णांच्या तक्रारी घेऊन मी दवाखान्यांशी भांडतो, म्हणून तिनं मला गाठलं.

"दादा, मशीनच्या काट्याला पाण्याच्या पिशव्या टांगल्यात, त्यांचं वजन मी बघितलं. आत जातंय त्यापेक्षा बाहेर जास्त निघतंय. तासाला शंभर मिली! माझ्या माणसातनं काय काढतायत हे?"

माझं डोकं सटकलं. तसाच आत घुसलो.

"अंगावर सूज आहे ना? मग जास्तीचं पाणी काढायलाच हवं," डॉक्टरीण शांतपणे म्हणाली.

मी माघारी वळलो. दहा वर्षं भांडतोय आणि एवढं माहीत नव्हतं. काटेवाली मात्र बाहेर येऊन म्हणाली, "उत्तर लगेच आलं. मला लगेच येणारी उत्तरं आवडत नाहीत."

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं पलंगाशी उभे होतो. मशीन केकाटलं. सिस्टरनं बटण दाबून ते गप्प केलं. पुन्हा केकाटलं, पुन्हा बटण. तिकडे रक्तदाबाचा आकडा घसरत होता.

"काय झालं त्याला?" काटेवालीनं विचारलं.

"वजनाचा अलार्म आहे काकू, सारखाच वाजतो. तुम्ही बाहेर बसा."

वजन म्हटल्यावर बाई बाहेर कशाला जाते! ती खाली वाकली. पलंगावर चढायचं लोखंडी स्टूल कुणीतरी मशीनखाली सरकवलेलं, आणि बाहेर आलेल्या पाण्याची भरलेली पिशवी त्यावर टेकलेली.

"अगं पोरी, एक चाक काट्याबाहेर आहे तुझं! वजन कमीच भरणार!"

स्टूल तिनं लाथेनं उडवलं. डॉक्टरीण धावत आली आणि तिनंच उलगडा केला. पिशवी हलकी भासली की मशीनला वाटतं, पाणी कमी निघतंय. मग बटण दाबलं की ते आणखी ओढतं. गरजेपेक्षा जास्त पाणी निघालं होतं. डॉक्टरणीनं काढणं थांबवलं, सलाईन दिलं. तासाभरानं आकडा वर सरकला, तेव्हा कुठं काटेवालीनं पलंगाची दांडी सोडली.

मी तक्रारीत सिस्टरचं नाव लिहायला लागलो, तर काटेवालीनं पेन धरलं.

"तीन मशीनं आणि एकटी पोरगी. तिला तिथं कुणी उभं केलं त्याचं नाव लिहा."

तसंच लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही.

नवव्या दिवशी डॉक्टरीण म्हणाली, "लघवी सुरू झालीय, मशीन काढून बघू."

"किती झाली?"

"कालपासून नऊशे मिली."

"दाखवा."

बाईनं मोजपात्र उजेडात धरलं, रेघेशी डोळा नेला, दोनदा वाचलं. पलंगावरून घोगरा आवाज आला, "झालं का समाधान?"

"गप पडा. उद्याची अजून व्हायचीय."