कॅमेरा फिरला, डाग फिरला नाही

दुर्बिणीच्या संस्थेत मागल्या अंगाला एक खोली होती, तिथं ती एकवीस वर्षं बसली. डोक्यावरचा पंखा कुरकुरायचा. ‘कधीतरी जायचंच आहे इथून’ म्हणून तिनं त्याला कधी तेल घालून घेतलं नाही. लोक तिला पुसणीबाई म्हणत. एका दूरच्या दीर्घिकेची, म्हणजे ताऱ्यांच्या आडव्या चकतीची, चित्रं येत, त्यांवरची धुरकट छटा संगणकावर पुसायची, एवढंच काम. मधला भाग फार तेजस्वी, त्याचा उजेड कॅमेऱ्यात सांडून डाग पडतो, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिनं मानलं. शंका काढायला कुणी पगार देत नाही.

निवृत्तीला अठरा दिवस उरले होते. ताईनं समुद्राकाठच्या आपल्या घरात तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. पण बाईला चिंधीसुद्धा टाकवत नसे. पुसलेला प्रत्येक तुकडा तिनं वेगळा जपून ठेवला होता. जाण्याआधी तो पसारा आवरायला बसली आणि अडकली.

गेल्या वर्षी दुरुस्तीनंतर कॅमेरा काटकोनात फिरवून बसवला होता. डाग कॅमेऱ्याचा असता, तर आता चकतीच्या बाजूंना दिसला असता. तो मात्र पूर्वीसारखाच वर-खाली होता. तिनं सगळे तुकडे एकावर एक चढवले. चकतीच्या मध्यातून वर एक आणि खाली एक, असे दोन अवाढव्य फुगे. केंद्रातून उसळून चकतीबाहेर निघालेला वायू, हजारो प्रकाशवर्षं उंच. तो हिनं एकवीस वर्षं इमानेइतबारे पुसला होता.

“साहेब, तो डाग नाहीये.”

साहेबांनी चित्र पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. “कुणाला बोललात?”

“तुम्हालाच.”

“मग ऐका. हे खरं ठरलं तर सगळी चित्रं पहिल्यापासून करावी लागतील. कुठं किती पुसलंय ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक? दोन वर्षं तरी मी तुम्हाला सोडणार नाही.”

“आणि गप्प बसले तर?”

“तर अठरा दिवसांनी हार घालू.”

दुपारी तिनं दोन पानी टिपण लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. परत येते तोच ताईचा फोन.

“पडदे पिवळे घेऊ की निळे?”

“घेऊ नकोस. दोन वर्षं लागतील मला.”

“का? बाकीची माणसं काय मेलीत तिथली?”

“मीच पुसलं होतं गं.”

“मग राहू दे पुसलेलं. आभाळात कोण बघायला जातंय?”

अब्जावधी ताऱ्यांच्या ओढीतून वायू सुटला, हिला एक खुर्ची सुटेना.

“ताई, ठेवते,” म्हणाली. एकवीस वर्षांपूर्वीचं पहिलं चित्र उघडलं. तेव्हा हात नवा, उत्साह दांडगा. जरा जास्तच पुसलं होतं.

मग तिनं शिपायाला हाक मारली आणि पंख्याला तेल घालायला सांगितलं.