एसटीत फाडलेली पानं

माझ्या तोंडून गावानं काय काय ऐकलंय — बारशातली भांडणं, मयतीतले विनोद, सगळं. ही एक गोष्ट मात्र मी कधी जिभेवर येऊ दिली नाही. काल तुम्ही सहज विचारलंत — उन्हाळ्यात प्रवासात वाचायला कोणतं पुस्तक न्यावं? — आणि मी अर्धा चहा टाकून उठलो. मला काम वगैरे काही नव्हतं.

मुरली मला आवडत नाही. आधी हेच सांगून टाकतो. सख्खा चुलतभाऊ, माझ्याच वयाचा, आणि लहानपणापासून माझ्या डोळ्यात खुपणारा. बोलताना अडखळायचा. मी त्याची नक्कल इतकी झकास करायचो की एकदा त्याची आईसुद्धा हसली. मग अशा माणसाची मला कसली भीती?

पुढं दुष्काळ पडला. दूध सोसायटीनं आष्टीजवळच्या माळावर चारा छावणी उघडली आणि आम्ही जनावरांसकट तिथंच राहायला गेलो. दिवसभर ऊस तोडून जनावरांपुढं टाकायचा, टँकरची वाट बघायची. संध्याकाळी करायचं काय? माझ्याभोवती बसायचं. मी गोष्टी सांगायचो, छावणी ऐकायची. खोटं कशाला बोलू — तो दुष्काळ मला आवडायला लागला होता.

अशात मुरलीनं नगरच्या स्टँडवरून एक जुनी रहस्यकादंबरी आणली, एसटीत वाचायला म्हणून. शेजारच्या दावणीचा म्हातारा त्याला म्हणाला, "मनात कशाला वाचतो रं? आमाला बी ऐकू दे." त्यानं वाचलं. आणि — कसं सांगू — वाचताना तो अडखळत नव्हता. एकदाही नाही. सरळ, भरदार आवाज. थोड्याच दिवसांत माझ्यापुढं दोन शेळ्या आणि त्यांचा मालक उरला. तोही झोपलेला.

गोष्ट शेवटाला आली त्या दिवशी मला सोसायटीच्या कामानं नगरला जायचं होतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मुरली स्वतः पुस्तक घेऊन आला. "ए-एसटीत वाच. लई ऊन हाय, येळ जात न्हाई. शे-शेवट मातुर सांगू नको. मी बी वाचला न्हाई." सगळ्यांबरोबरच कळायला हवा होता त्याला.

मी खिडकीशी बसून शेवट वाचला. मग ती पानं फाडली — हळू, शिलाईजवळून, फाटलेल्या कडा दिसणार नाहीत अशी — आणि कडा गाव मागं पडल्यावर खिडकीबाहेर सोडली. गरम वाऱ्यावर ती कशी उडाली ते मान वळवून बघितलं. लाज वाटली का? नाही. मजा वाटली.

संध्याकाळी सगळी छावणी जमली. आता खुनी सापडणार, तेवढ्यात मुरलीनं पान उलटलं — पुढं पुठ्ठा. त्यानं मान वर केली. वाचायला काही उरलं नव्हतं, म्हणजे आता बोलावं लागणार होतं. "पा— पा— पा—" पहिला हसलो तो मी. माझ्यामागं सगळे.

तिथंच थांबायला हवं होतं ना? मी उठलो. म्हणालो, जुनं पुस्तक आहे, माझ्या हातात आलं तेव्हाच पानं नव्हती. पण ही गोष्ट मी आधी वाचलीय, शेवट मी सांगतो. आणि खुनी ठरवला बंगल्याचा माळी. तोतरा माळी. पुस्तकातला माळी तोतरा नव्हता, खुनी तर मुळीच नव्हता. मी त्याला गुन्हा कबूल करायला लावला — अडखळत, मुरलीच्या आवाजात. लोक पोट धरून हसले. माझी गर्दी मला परत मिळाली.

मुरलीनं त्यानंतर मोठ्यानं वाचलं नाही. छावणीत नाही, गावात नाही, स्वतःच्या लेकीसाठीही नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो बीडच्या स्टँडवर पुस्तकं चाळताना दिसला. मला बघून म्हणाला, "त्या मा-माळ्यानंच केलता का रं खून?"

"त्यानंच," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. हातातल्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडून बघितलं, मग पैसे दिले. बसमध्ये तो माझ्या पुढच्याच सीटवर होता. ओठ घट्ट मिटून वाचत होता.

तो मला आजही आवडत नाही. खरा शेवट मला अजून पाठ आहे — माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे तो. त्या दिवशी खिडकीबाहेर पाली गेलं, लिंबागणेश गेलं, आणि त्याच्या मानेकडं बघत मी तो शेवट मनातल्या मनात म्हणत राहिलो.