आठ नंबरचा कोयता, भाग दुसरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीला मात्र ठाऊक असणार, कारण घडलं ते त्याच्याच समोर. तुम्हाला सांगते. हसू आलं तर खुशाल हसा — तेव्हाही सगळे हसलेच होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, माझ्या लग्नाआधीची. मुलुंडला आमच्या समोरच्या घरात अरविंद राहायचा. माझ्याच वयाचा, भांडुपच्या एका कारखान्यात कामाला, आणि डोक्यात चोवीस तास नाटक. तेव्हा गणपतीत भाड्याने व्हीसीआर आणून मंडपात सिनेमे दाखवायची टूम होती. एका वर्षी मुखवटेवाल्या खुन्याचा इंग्रजी सिनेमा आला आणि अरविंद कामातून गेला. पुढच्या गणपतीत त्याने स्वतःच नाटक लिहून बसवलं — 'आठ नंबरचा कोयता'. आठ नंबरच्या बंगल्यात एक माणूस कोयत्याने एकेकाला संपवतो, एवढंच. खुनी अर्थातच अरविंद. कोयता पुठ्ठ्याचा, वर चंदेरी कागद. पण काय घाबरवलं हो त्याने! जोशीकाकू त्यानंतर महिनाभर जिन्यातला दिवा कुणाला बंद करू देत नव्हत्या.

त्या नाटकात मी मेले होते. किंकाळी अशी फोडली की पहिल्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. आणि कौतुक कुणाचं झालं? अरविंदचं. मला जोशीकाकू म्हणाल्या, "छान पडलीस हो."

तर मग आला भाग दुसरा. तिकडे परदेशात काढतात म्हणे, मग आपण का नाही? मला वाटलं, यंदा तरी मी जिवंत राहीन. पण अरविंद म्हणाला, "शैला, तू गेल्या वर्षी मेलीस ना गं! पब्लिकच्या लक्षात आहे यार. तू आता तुझी जुळी बहीण." मी खूश. "ती पण मरते," तो म्हणाला. तिसऱ्या मिनिटाला! शेवटपर्यंत जगणारी नायिका होती दुसऱ्या मजल्यावरची सुनंदा, जिला साधं 'वाचवा' नीट ओरडता येत नव्हतं. आणि आमच्या स्टेजच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गणपती. प्रेत उचलून न्यायला वाटच नाही. म्हणजे पडदा पडेपर्यंत मी पुढेच आडवी. महिनाभर तालमीला जाऊन मी काय केलं? झोपले.

रक्ताचंही सांगायला हवं. पहिल्या वर्षी बिटाचा रस वापरला होता, तो ओघळून गेला. या वर्षी अरविंदने हट्ट धरला, रक्त दाट हवं — साखरेचा पाक करून लाल रंग घाल. माझी आई म्हणालीसुद्धा, मुंग्या येतील. त्याने ऐकलं नाही.

प्रयोगाला त्याने दादरच्या एका नाटक कंपनीच्या व्यवस्थापकांना बोलावलं होतं. चार वेळा खेटे घातले तेव्हा कुठे ते आले. त्यांना नव्या रहस्यनाटकासाठी खलनायक हवा होता. अरविंदला कारखाना सोडायचा होता. हे मला माहीत होतं. पूर्ण माहीत होतं — हे मुद्दाम सांगतेय.

मी मेले. पाक सांडला. अरविंद माझ्या प्रेतावर ओणवा झाला आणि त्याचं ते लांबलचक भाषण सुरू झालं, जे त्याने वर्षभर खोडून खोडून लिहिलं होतं. मंडप चिडीचूप. मी डोळे मिटून ऐकत होते. फार चांगलं बोलत होता तो. इतकं चांगलं, की मला सहन होईना.

मी हात उचलला आणि नाक खाजवलं.

आधी एक जण फिसकन हसला. मग दहा. ते हसू आपल्यासाठी आहे हे कळल्यावर काय वाटतं, कसं सांगू? मी दंड खाजवला. मग पोटरी. अरविंदने घाबरून मला पुन्हा कोयता मारला, तर पुठ्ठा दुमडला. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मी एकूण पाच वेळा मेले. शेवटी सुनंदा 'वाचवा' म्हणाली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आधी तिला खाजवू दे!"

व्यवस्थापकांनी डोळे पुसत अरविंदची पाठ थोपटली. "फार्स झकास लिहिता हो. पण आम्हाला खलनायक हवाय." आणि ते गेले.

सगळ्यांनी मुंग्यांवर खापर फोडलं. मुंग्या होत्याही — जमिनीवर सांडलेल्या पाकाला लागलेल्या. माझ्या अंगावर एकही आली नव्हती.

अरविंद आजही मुलुंडलाच आहे. त्याच कारखान्यातून निवृत्त झाला. पुन्हा कधी नाटक लिहिलं नाही. दर गणपतीत मुंग्यांचा किस्सा स्वतःच रंगवून सांगतो, स्वतःवरच हसतो, आणि मीही हसते.

पण खाजवण्याची लाज मला तितकी वाटत नाही. पोरवयातला जळफळाट म्हणा, काही म्हणा. लाज वाटते ती दुसऱ्या दिवसाची. सकाळी कामावर जायच्या आधी तो आमच्या दारात आला. डोळे सुजलेले, हातात मलमाची डबी. "सॉरी यार शैला, पाकाचा हट्ट माझाच होता. आई सांगत होती तुझी. फार चावल्या का गं?"

तेव्हा सांगता आलं असतं ना? दारात आम्ही दोघंच होतो. तो डबी उघडून माझ्या हातावर गांधी शोधत होता, आणि सापडत नव्हत्या.

मी कोपराजवळ बोट ठेवलं. "इथे," म्हटलं. त्याने हलक्या हाताने मलम लावलं. मग मी मनगट पुढे केलं.

"आणि इथे."