तीन ठिकाणचे सभासद शिवय्या

शनिवार, दिनांक ७ नोव्हेंबर २००९ रोजी शिवय्यांनी कसबा बावड्यातल्या इंटरनेट कॅफेत रुपये पंचेचाळीस फक्त खर्च केले. तासाला पंधरा, असे तीन तास. आमच्या दूध संस्थेत तीस वर्षं सचिव राहून निवृत्त झालेला हा माणूस संगणकापुढं पहिल्यांदाच बसला होता.

कारण मुलगी. शिवांजली पुण्यात नोकरीला. फोनवर "बरं हाय, अप्पा" यापलीकडं जात नसे. पण इंटरनेटवर एका जाळ्यात ती रोज लिहायची. ऑफिसात काय झालं, खोलीवर काय शिजलं, सगळं. "तुम्हीपण या की तिथं," असं तिनंच सांगितलं होतं. शिवय्यांना ते वाचायचं होतं, एवढंच.

त्या जाळ्याला एक मालक नव्हता. लोक आपापली छोटी संकेतस्थळं, म्हणजे ठाणी, चालवत आणि ती एकमेकांना जोडलेली असत. सभासद व्हायचं ते एखाद्या ठाण्याचं.

"कुठल्या?" शिवय्यांनी कॅफेवाल्या अमरसिंहला विचारलं.

"कुठल्याबी, काका. सगळी सारखीच."

"असं कसं? चेअरमन कोण?"

"चेअरमनच न्हाय."

"मग तक्रार कुणाकडं करायची?"

यावर अमरसिंह पंखा वाढवायला उठला.

यादीत चाळीस ठाणी. पोटनियम वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या शिवय्यांचा पहिला तास नियम वाचण्यातच गेला. मग एका ठिकाणी नाव नोंदवलं आणि 'शिवांजली' शोधलं. कुणी नाही. संस्था चुकली म्हणून दुसरीत नोंदवलं, मग तिसरीत. तिथंही नाही.

संध्याकाळी ते माझ्या घरी आले. मी संस्थेचा हिशेबनीस, अजून आठ महिने नोकरी शिल्लक. चहाला हात न लावता म्हणाले, "गणपतराव, पोरीनं तिथनं आपलं नाव काढून टाकलं. बाप येतोय म्हटल्यावर भ्याली असंल."

मला संगणकातलं फारसं कळत नाही, पण रचना ऐकून विचारलं, "कुरुंदवाडच्या संस्थेत दूध घालणाऱ्याचं नाव आपल्या रजिस्टरात सापडंल काय?"

"न्हाय की. ते त्यांच्या रजिस्टरात."

"मग पोरीची संस्था कुठली?"

"ते इचारलंच न्हाय," शिवय्या म्हणाले आणि माझ्याच फोनवरून तिला लावला. तिनं नाव आणि ठाणं, असा पूर्ण पत्ता दिला.

रविवारी सकाळी आम्ही दोघं कॅफेत. पूर्ण पत्ता टाकल्यावर शिवांजली लगेच सापडली. शिवय्या मोठ्यानं वाचू लागले, "आजच्या दुधात पाणी किती, हे अप्पांनी एका घोटात सांगितलं असतं."

"काका, हळू! गिऱ्हाईकं हायत," अमरसिंह ओरडला.

शिवय्यांना ऐकू आलं नाही. केलेली नोंदणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तिन्ही ठिकाणांहून मुलीला जोडून घेतलं. थोड्या वेळानं तिची ओळ आली: "तीन-तीन शिवय्या माझ्या मागं लागलेत. यातले माझे अप्पा कुठले?"

एका बोटानं वीस मिनिटं टाइप करून त्यांनी उत्तर पाठवलं: "तिन्ही. दोन राजीनामे कुठं द्यायचे ते कळव."

बायकोला, शांतव्वांना, वाचायला म्हणून शिवय्यांनी मुलीचं सगळं लिखाण छापून घेतलं. बारा पानं, पानाला दोन रुपये. बसल्याचे पैसे देऊन माझा खिसा रिकामा झाला होता; शिवय्यांच्या खिशात विसाची एकच नोट निघाली.

अमरसिंहचे चार रुपये देणं बाकी आहे.