खोड विचारणारे याकूबचाचा

याकूबचाचा गेल्याचं मला टांग्याच्या अड्ड्यावर कळलं. सांगणारा तंबाखू मळत म्हणाला, "जनावराचं काय सांगावं, म्हाताऱ्याचं नशीब." मी मान हलवली. महिना झाला, त्या मान हलवण्याची अजून चीड येते.

चाचा पंचवटीतले नालबंद. नाशकातल्या घोड्यांना नाल ठोकण्यात उभा जन्म गेला, पण घोडं दारात आलं की आधी मालकाला म्हणत, "खोड बोला." चावतं, लाथ मारतं, कुठं हात लावू देत नाही... उत्तर मिळेपर्यंत हातोडी खालीच. लाथाळ असलं तर मागच्या पायाला दोर घालून तो घोड्याच्याच गळ्याशी बांधून घेत. मग पाय झाडता येत नसे. लोक हसत, "नालबंद होऊन भिता, चाचा?"

"भितो म्हणून तर जिंदा हाय," चाचा म्हणत.

मी बाजारातून करडी घोडी आणली. विकणारा म्हणाला होता, "गाय आहे हो." आठवड्यातच तिनं आमच्या गड्याचा गुडघा फोडला. मी ती विकायला काढली. गिऱ्हाईक टांगेवाला, नवे नाल ठोकून द्या म्हणाला आणि स्वतःच बरोबर आला. चाचांनी विचारलं, "नाना, खोड बोला."

गिऱ्हाईक शेजारी उभं. मी म्हणालो, "गाय आहे, चाचा. अगदी गाय."

वीस वर्षांची ओळख. माझ्या शब्दावर त्यांनी दोर बाजूला ठेवला. लाथ छातीत बसली.

तिसऱ्या दिवशी ते गेले. आदल्या दुपारी भेटलो तेव्हा धापा टाकत म्हणाले, "नाना, तुम्हाला... मालूम नव्हतं ना?" "नव्हतं," मी म्हणालो. त्यांना बरं वाटलं. त्यांनी माझा हात दाबला. तो हात मला तोडून टाकावासा वाटतो.

टांगेवाल्यानं सगळं डोळ्यांनी पाहूनही घोडी घेतलीच. परवा तीच करडी दुसऱ्या नालबंदाच्या दारात दिसली. नालबंद मागच्या पायाशी वाकत होता. मी "थांबा, थांबा" म्हणत धावलो. टांगेवाल्यानं मला बाजूला ओढलं. "नाना, हळू बोला की! गिऱ्हाईक आलंय बघायला."

मग मी ओरडूनच सांगितलं. घोडीची खोड, आणि माझीही. सगळा रस्ता थबकला, टांगेवाल्यानं शिव्या घातल्या. नालबंदानं निमूट दोर घातला. त्याला वेळ किती लागला? विडी पेटवायला लागतो तेवढा.