जिवंत पिचरला हार
दुकानात चंदनाच्या हारांचं खोकं उघडलं की मला ती दुपार आठवते. आठवीत शाळा सोडलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मला अमेरिकेत अर्विंगमधल्या या किराणा दुकानाच्या मालक काकांनी मागच्या किचनमध्ये पोळ्या लाटायला ठेवलं, तो उपकार मी कधी विसरले नाही. म्हणूनच दूर शॉमबर्ग गावी बहिणीजवळ जास्त पगाराचं काम मिळतंय हे त्यांना कसं सांगावं, या धास्तीने मला झोप लागत नव्हती. त्या दुपारी सांगायचंच म्हणून बाहेर आले, तर काका काउंटरमागच्या फोटोला विक्रीतला हार घालत होते. फोटो त्यांच्या आवडत्या बेसबॉल टीमच्या लाडक्या पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्या खेळाडूचा. करार संपताच तो जास्त पैसे देणाऱ्या टीमकडे गेला होता. "अहो, जिवंत आहे तो," काकू म्हणाल्या. "आपल्याला मेला," काका म्हणाले. चहा पिणारा एक नागपूरकर हसला, "कॉन्ट्रॅक्ट संपलं ना यार काका, जाईल नाही तर काय." "खांदा दुखावला तेव्हा वर्षभर बसवून कोणी पोसला त्याला?" काका कडाडले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बघ. हिला कोणी दुप्पट दिले तरी जायची नाही. काय गं?" मी "नाही काका" म्हणाले आणि संध्याकाळी बहिणीला तसंच कळवून टाकलं. पुढे काकांनी दुकान विकलं आणि ते मुलाकडे दूर बॉथेल गावी राहायला गेले. मला ते नव्या मालकाने किचनमध्ये येऊन सांगितलं. तुमचं काम तेवढं चालू राहील ताई, असं तो म्हणाला, आणि मी त्याला थँक यू म्हणाले.